वाचक विचारतात : वायुदूत कुठे गेलं?

आधी आमची चूक. मागच्या अंकात अरुणाचलच्या पासीघाटला जाणाऱ्या १७ सीटच्या डॉर्निअर विमानाची छोटी चौकट छापली होती. १२ एप्रिल २०२२ ला अलायन्स एअरनी दिब्रुगडहून ती फ्लाइट सुरू केली ती बातमी बरोबरच होती, पण आम्ही उत्साहात पुढे लिहून बसलो की भारतात बनलेलं डॉर्निअर प्रवासी घेऊन नेहमीच्या फ्लाइटवर उडण्याची ही पहिलीच वेळ. झालं! पत्रं, मेसेज, एका काकांचा तर थेट फोन, "अहो वायुदूत नावाचं काही होतं ते तुमच्या जन्माआधीचं का?" जन्माआधीचं नाही काका, लाज वाटावी इतकं आमच्या डोळ्यासमोरचं आहे. म्हणून या वेळी सगळा कॉलम वायुदूत या जुन्या विमान कंपनीला देऊन टाकलाय. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

वायुदूत नक्की कोणाची कंपनी होती? आमच्याकडे दोन मतं आहेत, हे म्हणतात सरकारी, दीर म्हणतात खाजगी. आणि सुरू कधी झाली, बंद कधी? (एक वाचक, पुणे)

ताई, हे जिंकले. वायुदूत पूर्ण सरकारी. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोघींनी मिळून जानेवारी १९८१ मध्ये काढलेली, म्हणजे दोन मोठ्या बहिणींनी मिळून धाकटीला दुकान थाटून द्यावं तसं. खाजगी असणं तेव्हा शक्यच नव्हतं, कारण १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी विमानसेवा चालवायची मक्तेदारी सरकारी महामंडळांकडेच होती. तो कायदा रद्द झाला १९९४ ला. तुमच्या दिरांचा घोळ बहुतेक त्याच सुमाराच्या खाजगी एअर टॅक्सी कंपन्यांमुळे झाला असेल, ईस्ट-वेस्ट वगैरे.

कंपनी काढली ती मुळात ईशान्य भारतासाठी. नकाशा काढून बघा, आसाम सोडलं की डोंगर, दऱ्या, नद्या, आणि एका जिल्ह्याच्या गावातून दुसऱ्या जिल्ह्याच्या गावी जायचं तर रस्त्याने आधी खाली आसामच्या मैदानात उतरा, मग पुन्हा वर चढा. विमानाने जे अर्ध्या तासाचं ते रस्त्याने दिवसभराचं, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की किती दिवसांचं ते देवच जाणे. धावपट्ट्या मात्र होत्या, त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धातल्या. त्यावर जुनी डकोटा विमानं उतरायची. ती म्हातारी झाली आणि इंडियन एअरलाइन्सला तर मोठ्या जेटचं वेड लागलेलं, मग या आखूड पट्ट्यांवर जाणार कोण? त्यासाठी वायुदूत. सुरुवातीला विमानं मिळाली ती थोरल्या बहिणीची वापरलेली, फॉकर एफ-२७ फ्रेंडशिप. घरात धाकट्याला मोठ्याचा शर्ट मिळतो ना, तसंच.

मग ती ईशान्येत थांबली नाही. ऐंशीच्या दशकात देशभर पसरत गेली, तिकडे सिमल्यापासून खाली लक्षद्वीपपर्यंत. लक्षद्वीपचं तर सांगायलाच हवं. अगत्ती बेटावर साधारण बाराशे मीटरची पट्टी बांधली, दोन्हीकडे समुद्र, आणि एप्रिल १९८८ मध्ये तिथे वायुदूतचं डॉर्निअर उतरायला लागलं. त्याआधी कोचीहून बोट, एक रात्र तरी समुद्रात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बेभरवशाची. आज आपण अगत्तीचे निळ्या पाण्याचे फोटो टाकतो ना स्टेटसला, त्या वाटेवर विमान पहिल्यांदा नेलं ते या विस्मृतीत गेलेल्या कंपनीने.

१९९३ मध्ये सरकारने वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरवलं. प्रत्यक्षात लोक सामावून घेणं, विमानं, देणी, हे सगळं निस्तरता निस्तरता १९९७ उजाडलं आणि तेव्हा कुठे नाव पुसलं गेलं. म्हणजे एकूण सोळा वर्षं, त्यातली शेवटची चार नुसती आवराआवरीची.

मग आम्ही छापलेल्या चुकीचं काय? (हा प्रश्न कोणी असा विचारला नाही, पण सगळ्यांच्या पत्रात होताच)

डॉर्निअर २२८ मूळचं जर्मन. १९८३ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, ते बनवायचं लायसन्स घेतलं आणि कानपूरच्या कारखान्यात काम सुरू केलं. कानपूरचं पहिलं डॉर्निअर १९८६ मध्ये गेलं कोणाकडे? वायुदूतकडेच. तेव्हा "पहिल्यांदाच" हा आमचा शब्द छत्तीस वर्षं उशिरा आला. पासीघाटचं विमान त्याच घराण्यातलं, फक्त आतली यंत्रं आणि कॉकपिट नव्या जमान्याचं.

लहानपणी एकदा बसलोय मी त्यात. टेम्पो ट्रॅव्हलरला पंख लावलेत असं वाटलं होतं. खरंच एवढं छोटं होतं की मीच लहान होतो? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही! डॉर्निअर १९ सीटचं. बाहेरून बघितलं तर पोट चौकोनी, डबा दिसतो अगदी, पंख डोक्यावर, दोन पंखे. एका रांगेत इकडे एक सीट तिकडे एक सीट आणि मधे चिंचोळी वाट, त्यामुळे प्रत्येकाला खिडकी मिळायचीच, विंडो सीटवरून भांडण नाही. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती म्हणून फार उंच जाता यायचं नाही, ढगांच्या वरून निघून जायची चैन मोठ्या जेटची, हे आपलं ढगांमधून आणि ढगांखालून, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसाळ्यात जे काही हलायचं ते बसलेल्यांना विचारा. मी स्वतः असल्या एका १९ सीटरमध्ये (वायुदूत नव्हे, बऱ्याच नंतरचं) बसलोय, आणि निघण्याआधी मला आणि माझ्याइतक्याच धष्टपुष्ट एका गृहस्थांना उठवून पुढे-मागे बसवलं होतं, तोल साधायला. अपमान नाही वाटला पण बायको अजून सांगते सगळ्यांना.

त्याचं कौतुक म्हणजे कमी पट्टी लागते. बोइंगला जिथे उतरायचा विचारही करता येत नाही तिथे हे आरामात. अडचण आहे ती त्या १९ सीटची, ती पुढच्या उत्तरात येते.

तिकीट काही एसटीच्या भावात नव्हतं, सरकार पाठीशी, स्पर्धा शून्य. तरी तोटा? की नेहमीचंच, खाल्लं सगळ्यांनी? (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, "खाल्लं" म्हटलं की विषय संपतो म्हणून आपल्याला ते उत्तर आवडतं, पण इथे नुसत्या हिशोबानेच कंपनी मरते, खायला वेगळं कोणी लागत नाही.

बघा, १९ सीट. चार रिकाम्या राहिल्या तर विमान ७९ टक्के भरलं. तेच दीडशे सीटच्या विमानात चार रिकाम्या राहिल्या तर ९७ टक्के. पायलट दोन्हीकडे दोनच. जमिनीवर तिकीट काउंटर, सामान चढवणारे, सिक्युरिटी, आगीचा बंब, हे दिवसाला एक फ्लाइट आली तरी लागतं आणि दहा आल्या तरी लागतं. म्हणजे छोट्या विमानात एका सीटमागचा खर्च मोठ्या विमानापेक्षा जास्त, अंतर कमी, आणि प्रवासी मात्र छोट्या गावातला, ज्याचा खिसा मुंबई-दिल्लीवाल्यापेक्षा हलका. तुमच्याकडचा वडापवाला हे सगळं जाणतो, तो जीप भरल्याशिवाय हलतच नाही! विमानाला तशी सोय नाही, पाच माणसं आली तरी घड्याळ बघून निघावंच लागतं.

आता यावर उपाय एकच, मधला फरक कोणीतरी भरायचा. इंडियन एअरलाइन्स मुंबई-दिल्लीवर कमवायची आणि तोट्याच्या मार्गावर घालवायची, एका हाताने घे दुसऱ्याने दे. वायुदूतकडे कमावता मार्गच नव्हता! पैसा देणारे सगळे मोठे मार्ग थोरल्या बहिणीकडे आणि धाकटीच्या वाट्याला निवडून निवडून तोट्याचे. त्यात कुठल्याही खासदाराला आपल्या गावात विमान आलं की फोटो काढायला बरं, मग एकेक गाव वाढत गेलं, विमानं तेवढीच, वैमानिक तेवढेच, एक विमान दुरुस्तीला गेलं की तीन गावांच्या फ्लाइट रद्द. आणि आठवड्यातून दोनदा रद्द होणाऱ्या फ्लाइटच्या भरवशावर कोण मुलीच्या लग्नाला जाईल? तो रात्रीची रेल्वे पकडतो. विमान अजून रिकामं. असं ते चक्र.

माझं मत विचाराल तर वायुदूतची कल्पना चुकलेली नव्हती, तोटा होणार हे पहिल्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तो कोणाच्या खिशातून जाणार ते लिहून ठेवलं नाही. आपल्या एसटीचं बघा ना, "गाव तिथे एसटी" म्हणताना सवलतींचे पैसे सरकारने द्यायचे हे निदान कागदावर तरी असतं. (मिळतात कधी तो वेगळा कॉलम होईल.)

आमच्याकडची जुनी माणसं सांगतात की उजनीच्या पाण्यात एक विमान पडलं होतं. पोरं म्हणतात आजोबा गोष्टी रचतात. खरं काय? (एक वाचक, इंदापूर तालुका)

आजोबा खरं सांगतायत. २३ सप्टेंबर १९८९. वायुदूतचं डॉर्निअर पुण्याहून हैदराबादला निघालेलं आणि इंदापूरजवळ उजनी धरणाच्या जलाशयात कोसळलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ११ जण होते, कोणीच वाचलं नाही. पोरांना सांगा, आजोबांजवळ बसून नीट ऐकून घ्या, जमलं तर लिहून काढा, ज्यांनी तो दिवस धरणाच्या काठावरून बघितला ती माणसं आता थोडीच उरली असतील.

त्याच्या आदल्या वर्षी १९ ऑक्टोबर १९८८ ला आणखी मोठा घाव बसला होता. त्या सकाळी मुंबईहून गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग अहमदाबादला उतरताना कोसळलं, सव्वाशेहून जास्त माणसं गेली, आणि त्याच दिवशी तिकडे सिलचरहून आलेलं वायुदूतचं फॉकर गुवाहाटीला उतरताना पडलं, सगळेच्या सगळे ३४ गेले. आपल्याकडे आठवण राहिली ती अहमदाबादची. गुवाहाटीची ईशान्येत राहिली असेल.

वायुदूतच्या आधी अशा छोट्या कंपन्या आपल्याकडे होत्या का? आमचे आजोबा नागपूरला पोस्टात होते, ते "रात्रीची विमानं" म्हणायचे, त्याचा काही संबंध? (एक वाचक, नागपूर)

वा, तुमच्या पत्राने आम्हाला अर्धा दिवस कामाला लावलं, आणि मजा आली. संबंध आहे.

स्वातंत्र्याच्या आसपास भारतात विमान कंपन्यांचं पीक आलं होतं. युद्ध संपल्यावर डकोटा विमानं स्वस्तात मिळायला लागली, ज्याच्याकडे थोडा पैसा तो कंपनी काढतोय अशी अवस्था. त्यातली आपल्या बाजूची म्हणजे डेक्कन एअरवेज, १९४५ मध्ये हैदराबादच्या निजाम सरकारने टाटांच्या भागीदारीत काढलेली, अड्डा बेगमपेटला. प्रेम माथुर यांना, ज्या भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक, विमान चालवायची नोकरी दिली ती याच डेक्कन एअरवेजने, बाकीच्या कंपन्यांनी बाई म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. एका छोट्या कंपनीच्या नावावर एवढं जमा असलं तरी पुरे नाही का?

आता तुमच्या आजोबांची रात्रीची विमानं. जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई डाक योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरला उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, मुंबईवाल्याने मद्रासची थैली मद्रासवाल्याला द्यायची, त्याने मुंबईची इकडे, आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. थोडे प्रवासीही असायचे, कमी भाड्यात, अपरात्री नागपूरला उतरायची तयारी असलेले. ही सेवा वेगवेगळ्या छोट्या कंपन्यांनी आळीपाळीने चालवली, त्यात डेक्कन एअरवेजही होती. कल्पना करा, गाव झोपलंय, आणि सोनेगावच्या पट्टीवर चार डकोटा ओळीने उभ्या आणि तुमचे आजोबा कंदिलासारख्या उजेडात थैल्यांवरची लेबलं वाचतायत (ते सॉर्टिंगला होते की काउंटरला हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण आम्ही आमच्या मनाने त्यांना पट्टीवर उभं केलंय, रागावू नका).

मग १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. एअर इंडियाची देशांतर्गत सेवा, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, डेक्कन, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज, आणि बिजू पटनाईकांची कलिंग. यातली किती नावं घरात कोणाला आठवतात ते रविवारी जेवताना विचारून बघा.

उडान योजना म्हणजे वायुदूतच ना पुन्हा, नवीन कपड्यात? आमच्याकडे विमान येतं, पेढे वाटतो, मग बंद पडतं. (एक वाचक, नांदेड)

पेढ्यांचं दुःख समजतं. २७ एप्रिल २०१७ ला उडानच्या, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या सरकारी योजनेच्या, पहिल्या फ्लाइट निघाल्या त्यात सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद होती, ट्रूजेटची. सिमला म्हणजे वायुदूतचं जुनं गाव, त्यामुळे तुमची शंका अगदीच हवेतली नाही. पुढे ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. जळगाव आणि कोल्हापूरला १८-१९ सीटची बीचक्राफ्ट विमानं घेऊन एअर डेक्कन आली, ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गेली.

पण फरक आहे आणि तो मघाच्या वडापच्या हिशोबातलाच आहे. उडानमध्ये तोटा कोण भरणार हे आधीच लिहिलंय. साधारण तासाभराच्या फ्लाइटच्या निम्म्या सीट ठरलेल्या भाड्यात, सुरुवातीला ते अडीच हजार होतं, आणि मधली तूट निधीतून भरून द्यायची. त्या निधीसाठी मोठ्या मार्गांवरच्या फ्लाइटवर कर, वर राज्य सरकारचा वाटा. राज्यांनी विमानाच्या इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणायचा. आणि ज्या कंपनीने मार्ग घेतला तिला तीन वर्षं तिथे दुसरा कोणी येणार नाही ही हमी. गोची आहे ती चौथ्या वर्षात! तीन वर्षांत प्रवासी तयार झाले तर टिकतं, नाहीतर निधी संपला की विमान गेलं. तुमच्याकडे निदान प्रवासी आहेत, सचखंड गुरुद्वाराला देशभरातून माणसं येतात. ज्या गावाला तसं काही नाही त्याचं अवघड आहे.

सोलापूरकरांचंही पत्र होतं, त्यांना एवढंच, तुमच्या विमानतळाची गोष्ट चिमणीमुळे वेगळीच झाली. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, विमान आलं जून २०२५ मध्ये, गोव्याला, फ्लाय ९१ चं. वायुदूतच्या नशिबी निदान चिमण्या नव्हत्या.

वायुदूतच्या विमानांचं पुढे काय झालं? (बरेच जण)

काही डॉर्निअर इंडियन एअरलाइन्सकडे गेली आणि कोची-अगत्ती मार्गावर त्यानंतरही उडत राहिली, म्हणजे अगत्तीच्या लोकांना कंपनी बदलल्याचं विमान बघून कळलंही नसेल. फॉकरचं वय झालंच होतं.

आवराआवरीत बाबांच्या कपाटात एका जुन्या बॅगेला बांधलेला टॅग सापडला, त्यावर "पीएफ" आणि आकडे. आम्ही महिनाभर प्रॉव्हिडंट फंडाचा कागद समजून जपला, तो वायुदूतचा निघाला! याची काही किंमत? (एक वाचक, डोंबिवली)

बाबांचा फंड नाही मिळाला त्याबद्दल सहानुभूती. पीएफ हा वायुदूतचा दोन अक्षरी कोड, जसा इंडियन एअरलाइन्सचा आयसी होता. किंमत म्हणाल तर असले टॅग, तिकिटांची पाकिटं, वेळापत्रकं जमवणारे हौशी लोक आहेत, पण त्यावर फ्लॅटचा हप्ता निघेल असं काही नाही. विकू नका असा आमचा सल्ला. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका, गरम प्लास्टिकने जुन्या शाईची वाट लागते, दोरीसकट साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर, टॅगवर नाही, पेन्सिलने लिहा की बाबा कुठून कुठे गेले होते. आठवत नसेल तर आईला विचारा, तिला बरोबर आठवत असेल, न्यायला कोण गेलं होतं ते सुद्धा.